डॉ. ग्रॅहम आणि छातीतली नळी

फुप्फुसाचे ऑपरेशन झाले की नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, ‘ऑपरेशन नीट झाले ना?’ हो म्हटले की त्यांच्या जिवात जीव येतो. सर्जनच्या दृष्टीने मात्र तेव्हा निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे काम पुढचे चार-आठ दिवस वॉर्डात होते. त्यात नर्स असते, फिजिओथेरपिस्ट असतो, रुग्ण असतो आणि उशाशी बसलेला नातेवाईकही असतो. ही गोष्ट जगाला ज्यांनी पटवून दिली, त्यांच्यात अमेरिकन सर्जन डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांचे नाव आधी घ्यावे लागते. कर्करोग झालेले अख्खे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रुग्णाला पुढे अनेक वर्षे जगवणारे पहिले सर्जन म्हणून ते ओळखले जातात. पण हे धाडस करण्याच्या पंधरा वर्षे आधी ते छातीतल्या एका साध्या रबरी नळीचा अभ्यास करत होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

ग्रॅहम यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी शिकागोत झाला. वडील सर्जन होते, त्यामुळे ऑपरेशन थिएटरची ओळख घरातूनच झाली. प्रिन्स्टनमधून १९०४ मध्ये पदवी घेऊन ते शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात गेले आणि १९०७ मध्ये डॉक्टर झाले. त्या काळचा सर्जन हात चालवण्यात पटाईत असला की पुरे, असे मानले जाई. ग्रॅहम यांना ते पुरेसे वाटले नाही. शरीर आतून कसे चालते हे कळावे म्हणून त्यांनी डॉक्टर झाल्यावर पुन्हा रसायनशास्त्र शिकायला सुरुवात केली. पत्नी हेलन याही वैज्ञानिक होत्या आणि पुढे औषधशास्त्राच्या संशोधक म्हणून नावाजल्या. आयोवा राज्यातल्या मेसन सिटी या गावात ग्रॅहम यांनी काही काळ खासगी व्यवसाय केला. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला फीमधला वाटा द्यायची पद्धत तिथे होती. आपल्याकडे तिला ‘कट’ म्हणतात. ग्रॅहम यांनी तिला उघड विरोध केला आणि जन्मभर तो सोडला नाही.

त्यांचे मोठेपण समजण्यासाठी आधी छातीची रचना थोडी पाहू. आपली फुप्फुसे स्वतःच्या बळावर फुगत नाहीत. फुप्फुस आणि फासळ्यांची भिंत यांच्यात दोन पातळ आवरणे असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. या ओढीमुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला धरून राहते. भिंत पसरली की तेही पसरते. छातीला भोक पडले की बाहेरची हवा आत शिरते, ओढ संपते आणि फुप्फुस चुरमडून गोळा होते. पोट उघडण्याचे धाडस सर्जन १९ व्या शतकातच करू लागले होते. छाती उघडायला मात्र ते कित्येक वर्षे बिचकत होते, त्याचे हेच कारण.

यावर एक साधा उपाय जर्मनीत हॅम्बुर्गच्या डॉ. गोथार्ड ब्यूलाऊ यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस मांडला होता. छातीत साठलेला पू काढायला नळी घालायची आणि तिचे बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. आतली हवा आणि पू पाण्यातून बाहेर येतो, बाहेरची हवा मात्र पाणी ओलांडून आत जाऊ शकत नाही. दार एकाच बाजूला उघडते. युक्ती छापली गेली होती, माहीतही होती, पण सगळीकडे वापरात नव्हती. त्याची किंमत पहिल्या महायुद्धात मोजावी लागली.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लाखो तरुण प्रशिक्षणाच्या छावण्यांत दाटीवाटीने राहू लागले. हिवाळ्यात गोवराची साथ आली, मागोमाग स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा न्यूमोनिया आला आणि असंख्य जवानांच्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी आणि पू साठू लागला. यालाच डॉक्टर एम्पायमा म्हणतात. ‘पू दिसला की कापा आणि वाट करून द्या’ या जुन्या नियमाप्रमाणे लष्करी सर्जन लगेच फासळीचा तुकडा काढून छातीला मोकळे भोक पाडत. छावण्यांमधले सरासरी ३० टक्के रुग्ण दगावत होते आणि काही ठिकाणी तर हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होते. धडधाकट विशीतली मुले आजाराने आणि त्याच्या उपचारानेही मरत होती.

याचा शोध घेण्यासाठी लष्कराने एम्पायमा आयोग नेमला. ग्रॅहम त्याचे सदस्य होते आणि व्हर्जिनियातली कॅम्प ली ही छावणी त्यांचे कामाचे ठिकाण झाली. तोपर्यंतची समजूत अशी होती की, छातीचे उजवे आणि डावे दालन एका घट्ट भिंतीने वेगळे झालेले आहे. एक बाजू उघडली तरी दुसरी बिनघोर चालेल. ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी डॉ. रिचर्ड बेल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांना आढळले की मधली भिंत पडद्यासारखी लवचीक आहे आणि एका बाजूचा दाब बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदलतो. म्हणजे एका बाजूला भोक पाडले की दोन्ही फुप्फुसांचा श्वास आखडतो. न्यूमोनियाने आधीच धाप लागलेल्या जवानाला ते कसे सोसणार? तोच जवान आठ-पंधरा दिवसांनी, न्यूमोनिया ओसरून पू घट्ट झाल्यावर आणि फुप्फुस आजूबाजूला चिकटल्यावर, त्याच आकाराचे भोक सहन करू शकत होता.

आयोगाने तीन नियम घालून दिले. पहिला, आजार जोरात असताना छाती मोकळी उघडायची नाही, पू सुईने किंवा बंद नळीने काढायचा. दुसरा, पोकळी लवकर निर्जंतुक करून ती भरून येईल, म्हणजे फुप्फुस पुन्हा पसरेल, हे पाहायचे. आणि तिसरा, रुग्णाच्या पोषणाकडे बारकाईने लक्ष द्यायचे. पू वाहून जाताना शरीरातली प्रथिनेही वाहून जातात, हे ग्रॅहम यांच्यातल्या रसायनशास्त्रज्ञाने ओळखले होते. या पद्धतीने उपचार सुरू झाल्यावर मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. फक्त काळजी घेण्याची रीत बदलली होती.

आज सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात खाटेखाली जी बाटली दिसते, ती याच तत्त्वावर चालते. फुप्फुसाचा भाग काढल्यावर उरलेल्या फुप्फुसातून थोडी हवा गळते, थोडे रक्तमिश्रित पाणी झिरपते. ते बाहेर गेले तरच उरलेले फुप्फुस पसरून मोकळी जागा भरते. बाटलीतल्या नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणजे नळी मोकळी आहे. बुडबुडे येतात, म्हणजे हवा अजून गळते आहे. त्यात घाबरण्यासारखे नसते, पण डॉक्टरांनी रोज पाहण्यासारखे नक्की असते. नातेवाइकांनी इतके लक्षात ठेवावे, की बाटली कायम छातीच्या पातळीखाली आणि उभी हवी. रुग्णाला एक्स-रेला नेताना ती पोटावर ठेवू नये, नाहीतर बाटलीतले पाणी उलट छातीत जाऊ शकते. नळीला पीळ पडू देऊ नये, ती अंगाखाली दबू देऊ नये. बुडबुडे येत असताना आपल्या मनाने चिमटा लावून नळी बंद करू नये, कारण कोंडलेली हवा हृदयावर दाब आणते. नळी छातीतूनच निसटली, तर त्या जागेवर हात किंवा जाड गॉज दाबून धरावे आणि लगेच नर्सला हाक मारावी.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ग्रॅहम सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि ३० हून अधिक वर्षे त्या पदावर राहिले. तिथे त्यांनी डॉ. वॉरन कोल यांच्यासह पित्ताशय एक्स-रेवर दिसावे यासाठीची पद्धत १९२४ मध्ये शोधली. सोनोग्राफी येईपर्यंत पित्ताच्या खड्यांचे निदान जगभर तिच्या आधाराने होत असे. पुढे सर्जनची परीक्षा घेऊन त्यांना मान्यता देणारे मंडळ अमेरिकेत स्थापन झाले, त्याचेही ते पहिले अध्यक्ष होते.

१९३३ च्या वसंतात त्यांच्याकडे पिट्सबर्गहून एक रुग्ण आला. डॉ. जेम्स गिलमोर. वय पन्नाशीच्या आत, पेशाने प्रसूतितज्ज्ञ. कित्येक महिने ताप आणि खोकला होता. श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिल्यावर डाव्या फुप्फुसात कर्करोग आढळला. कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी काढलेला माणूस तोपर्यंत वाचला नव्हता. गिलमोर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी दात भरून घेतले आणि कबरीसाठी जागाही विकत घेऊन ठेवली, असे सांगितले जाते. एका कामात आशा होती, दुसऱ्यात व्यवहार.

५ एप्रिल १९३३ रोजी ग्रॅहम यांनी छाती उघडली. बेत फुप्फुसाचा फक्त वरचा भाग काढण्याचा होता. पण गाठ अशा जागी होती की तेवढ्याने भागणार नव्हते. त्यांनी फुप्फुसाकडे जाणारी मुख्य धमनी थोडा वेळ दाबून धरली. नाडी आणि श्वास ठीक राहिले. मग त्यांनी डावे फुप्फुस पूर्ण काढले. इथवर कोणत्याही धाडसी सर्जनची गोष्ट असती. ग्रॅहम यांना मात्र पुढची चिंता होती. एवढ्या मोठ्या रिकाम्या पोकळीत पू झाला तर काय? कॅम्प लीतला तो दुसरा नियम त्यांच्या डोक्यात होता. भरायला फुप्फुसच उरलेले नव्हते. म्हणून त्यांनी त्याच वेळी त्या बाजूच्या सात फासळ्या काढल्या, म्हणजे छातीची भिंत आत बसेल आणि पोकळी लहान होईल.

तरीही पुढचे दिवस कठीण गेले. उरलेल्या पोकळीत पू झालाच आणि वरच्या बाजूच्या आणखी फासळ्या काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. गिलमोर सुमारे अडीच महिने रुग्णालयात होते. त्यानंतर ते घरी गेले आणि आपल्या कामावर परतले. ऑपरेशन काही तासांचे होते, त्याला यश आले ते अडीच महिन्यांच्या शुश्रूषेने. ही बातमी पसरली तशी जगभरच्या सर्जनना खात्री पटली की एका फुप्फुसावर माणूस जगू शकतो.

आता सात फासळ्या काढाव्या लागत नाहीत. रक्तवाहिन्या आणि श्वासनळी वेगवेगळ्या बांधता येतात, प्रतिजैविके आहेत, दुर्बिणीने छोट्या छेदातून शस्त्रक्रिया होते. पूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णात ती पोकळी हळूहळू द्रवाने आपोआप भरते. म्हणून अशा रुग्णाला नळी ठेवलीच तर तिचे नियम वेगळे असतात आणि तिला यंत्राने ओढ लावत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी तुलना करून कुणी गोंधळू नये.

मोठा बदल झाला आहे तो विश्रांतीच्या कल्पनेत. गिलमोर यांच्या काळी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस झोपवून ठेवत. १९४० च्या दशकात काही सर्जन रुग्णांना लवकर उठवू लागले आणि अशा रुग्णांत छातीचे त्रास कमी दिसू लागले. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे डॉ. हेन्रिक केलेट यांनी वेदना, आहार, नळ्या आणि चालणे या सगळ्यांचा एकत्र विचार करून लवकर बरे होण्याची पद्धत बसवली. ती आधी आतड्यांच्या शस्त्रक्रियांसाठी होती. फुप्फुसांच्या शस्त्रक्रियेसाठी अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा गाभा सोपा आहे. रुग्णाला पहिल्या २४ तासांत उठवा. शक्यतो एकच नळी ठेवा आणि ती लवकर काढा. पूर्वी रोजचे पाणी अगदी कमी होईपर्यंत नळी राहायची. आता हवा गळत नसेल, पाण्यात रक्त किंवा दुधाळपणा नसेल, तर दिवसाला ४५० मिलिलीटरपर्यंत पाणी येत असतानाही ती काढता येते. लघवीची नळीही गरज नसेल तर ठेवू नका.

आपल्या वॉर्डात अडचण येते ती प्रेमामुळे. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, हलू नकोस,’ असे आई सांगते, बायको सांगते. पण पाठीवर पडून राहिलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पायातल्या रक्ताची गुठळी होऊन ती उरलेल्या फुप्फुसात जाण्याचाही धोका असतो. म्हणून पहिल्याच दिवशी टेकून बसणे, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, मग खुर्ची आणि मग बाटली हातात खाली धरून वॉर्डात फेरी. खोकायचे असेल तेव्हा जखमेवर उशी घट्ट धरावी, म्हणजे टाके ओढले जात नाहीत. खोकल्याने टाके तुटतील या भीतीने कफ आत ठेवणे जास्त घातक आहे. तीन चेंडूंचे यंत्र हवा आत ओढण्यासाठी असते. त्यात फुंकायचे नसते. चेंडू सावकाश वर न्यावेत आणि क्षणभर तिथे धरावेत. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा रोज पूर्ण फिरवावा, नाहीतर तो आखडतो.

हे सगळे वेदना आटोक्यात असतील तरच जमते. फासळ्यांमधली जखम प्रत्येक श्वासाला दुखते. दुखणे सोसणे म्हणजे धीर, अशी आपली समजूत आहे. इथे ती उपयोगाची नाही. पाठीच्या बाजूने बारीक नळीतून भूल देणारे औषध आणि जोडीला साध्या वेदनाशामक गोळ्या देता येतात. दुखत असेल तर स्पष्ट सांगावे.

आणि ग्रॅहम यांचा तिसरा नियम, पोषण. आपल्याकडे छातीची शस्त्रक्रिया पुष्कळदा क्षयाने पोखरलेल्या किंवा पू झालेल्या फुप्फुसासाठी होते. हे रुग्ण आधीच खंगलेले असतात. त्यांना चार दिवस पेज आणि बिस्किटांवर ठेवू नये. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की अंडी, घट्ट वरण, उसळ, दूध, दही, शेंगदाणे जमेल तसे द्यावेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ग्रॅहम यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग सिगारेटशी बांधलेला आहे. ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत होते. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध कुणी काढला, की सिगारेटइतकाच स्त्रियांच्या पायमोज्यांचा खपही वाढला आहे, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलून विषय झटकत. पण अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याने अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा मनात शंका असूनही त्यांनी त्याला वाट करून दिली. दोघांनी मिळून ६८४ रुग्णांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुसंख्य पुरुष रुग्ण दीर्घकाळ आणि भरपूर सिगारेट ओढणारे निघाले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सिगारेटच्या धुरातला डांबरासारखा चिकट अंश उंदरांच्या पाठीवर लावून कर्करोग होतो हे दाखवले. आकड्यांपुढे ग्रॅहम यांनी आपले मत बदलले, जाहीरपणे बदलले आणि सिगारेट सोडली.

त्यांच्यासाठी उशीर झाला होता. १९५७ च्या सुरुवातीला त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला. जी शस्त्रक्रिया त्यांनी जगाला दिली, ती त्यांना स्वतःला उपयोगी नव्हती. ४ मार्च १९५७ रोजी, वयाच्या ७४ व्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, ते गेले. गिलमोर तेव्हा हयात होते. एका फुप्फुसावर जगत ते १९६३ मध्ये वारले, तेही कर्करोगाने नव्हे.

बिडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी सोडली, तर छातीतला कफ आणि जंतुसंसर्ग कमी होतो. चार आठवडे हातात नसतील तरी ज्या दिवशी तारीख ठरेल त्या दिवशी सोडावी आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा हात लावू नये. तंबाखू आणि मिश्रीचेही तेच.

घरी गेल्यावर ताप, वाढती धाप, घाण वासाचा किंवा रक्ताचा बेडका, जखमेतून पू, एका पोटरीला सूज यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णाला एकाएकी खोकल्यातून भरपूर पातळ, लालसर पाणी पडू लागले, तर श्वासनळीचा टाका सुटलेला असू शकतो. त्याला ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपवावे, म्हणजे ते पाणी चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही, आणि त्याच स्थितीत ताबडतोब रुग्णालयात आणावे.